शिंप्याच्या सिनेमातला भुरका

केंद्रावर त्याला सगळे भुरकेबुवा म्हणत, आणि त्या नावाची त्याला मनापासून शिसारी होती. चहाची वेळ झाली की कॅन्टीनमध्ये कोणीतरी हटकून कपाला तोंड लावून लांबलचक भुर्रर्र करायचं, बाकीचे फिदीफिदी हसायचे, आणि हा आपला भरलेला कप तसाच टाकून उठून जायचा. लोक म्हणत, बुवा फार लाजाळू. लाजाळू कसला डोंबलाचा! त्याला त्या ओल्या ओठांची किळस यायची, कपाच्या काठावर राहिलेल्या लाळेची यायची, आणि सगळ्यात जास्त स्वतःची यायची. पण हे कॅन्टीनमध्ये कोणाला सांगणार?

टेलिव्हिजन केंद्राच्या ध्वनी विभागात त्यानं तीस वर्षं काढली. काम काय, तर खोटे आवाज करायचे. पडद्यावर नट गालिच्यावरून चालत येतो, आणि हा आत बंद खोलीत, पत्र्याच्या ट्रेमध्ये खडी पसरून, नटाच्या पावलाला पाऊल मिळवत चालतो. ओलं कातडं टेबलावर आपटलं की थोबाडीत बसते. कोबीचा दांडा मोडला की हाड मोडतं. मोठी माणसं अशी दिवसभर खेळत बसतात आणि त्याला नोकरी म्हणतात, असं त्याची बायको म्हणायची. पण त्याचा कान असा तयार होता की दारावर कोण आलंय ते बेल वाजवण्याच्या आत, चपला काढण्यावरून सांगायचा.

असा कान मिळाला की बाकीचं आयुष्य नासतं, हे कोणी आधी सांगत नाही. चारचौघांना जे ऐकूच येत नाही ते याच्या डोक्यात घण घातल्यासारखं वाजायचं. शेजारचा माणूस बिस्किट खातोय, त्याच्या दाढेत लगदा चिकटलाय, तो जिभेनं उकरून काढतोय, हे सगळं याला न बघता कळायचं. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात बायकोला त्यानं तोंड मिटून चावायला सांगितलं. ती पोस्टात खिडकीवर बसणारी, दिवसभर लोकांचं ऐकून घेणारी बाई. तिनं तेही ऐकून घेतलं, पण विसरली मात्र नाही.

आणि अशा या माणसाच्या घरात त्याचे वडील जेवत.

वडील टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अडतीस वर्षं ऑपरेटर होते. कानाचा वारसा तिकडूनच आलेला. फोन लावणारा माणूस नुसता श्वास घेईस्तोवर त्यांना ओळखू यायचा. टापटीप तर अशी की बोलायची सोय नाही. कोणी तोंडात घास ठेवून नंबर मागितला, तर मग तो कितीका मोठा साहेब असेना, हे शांतपणे सांगायचे, आधी गिळून घ्या, मी थांबतो. पंचाहत्तरीला आले आणि एका सकाळी दाढी करताना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, जरा ओघळल्यासारखं, पण समजण्याजोगं. तोंडाचा डावा कोपरा मात्र खाली लोंबला तो लोंबलाच, आणि गिळणं बिघडलं.

मग डॉक्टरीणबाईंनी त्यांना जेवायला नव्यानं शिकवलं. सगळं पातळ करायचं. हनुवटी छातीला टेकवायची. चमचा ओठाशी धरून जोरात, अगदी जोरात ओढायचं, म्हणजे घास घशाच्या योग्य बाजूला जातो. मग गिळायचं. आणि गिळलं की घशातून एकदा 'हं' करायचं. 'हं' कोरडा आला तर पुढचा चमचा. ओला, गुळगुळल्यासारखा आला तर थांबून खोकायचं, कारण काहीतरी श्वासनलिकेच्या तोंडाशी अडकलेलं असतं. वडिलांनी हा धडा एक्स्चेंजच्या नियमपुस्तकासारखा पाठ केला. रोज, दोन्ही वेळा, वाटीभर सूप. भुर्रर्र, गटक, हं. भुर्रर्र, गटक, हं. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. डाव्या कोपऱ्यातून लाळ आणि सूप मिळून हनुवटीवर ओघळायचं, ते सून टिपायची, दुपारी पोस्टातून तेवढ्यासाठी घरी येऊन. आठ वर्षांची नात समोर बसून शाळेतल्या गप्पा मारायची. तिला घरात टकळी म्हणत. तिचं तोंड थांबेल तर शपथ.

आणि मुलगा? मुलगा पहिल्या आठवड्यातच म्हणाला, मी कामावरच जेवत जाईन. वेळ जुळत नाही, म्हणाला. खरं कारण असं, की एकदा तो ताटावर बसला, वडिलांनी पहिला चमचा ओढला, आणि याच्या पोटात असं ढवळलं की हातातला घास ताटात पडला. आपल्याच बापाची किळस येते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा कामाचं निमित्त बरं. बायकोला कळत होतं. तिनं त्यावरही तेव्हा काही म्हटलं नाही.

हे असं वर्षभर चाललं, आणि मग केंद्रानं तो सिनेमा काढला.

खास टेलिव्हिजनसाठी काढलेला भयपट. रविवारी संध्याकाळी, सगळं घर पडद्यासमोर बसलेलं असताना लागायचा होता. गोष्ट एका शिंप्याची. गिऱ्हाईक येतं, शिंपी गळ्यात टेप टाकून आदबीनं माप घेतो, खांदे, छाती, बाही. शेवटी कॉलरचं माप घ्यायला मानेभोवती टेप गुंडाळतो, जवळ वाकतो, आणि दात रुतवून रक्त पितो. शंभर वर्षं जुना रक्तपिपासू! कपडे मात्र फार छान शिवायचा म्हणे. चित्रीकरण कसलं, नुसता चिकचिकाट होता. रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि तांबडा रंग. दिव्यांच्या उष्णतेनं तो आंबायचा, माशा घोंगावायच्या, आणि शिंपी झालेल्या नटाच्या कॉलरीत मुंग्या शिरायच्या. त्याचे प्लास्टिकचे सुळे हिरड्यांना घासत, त्यामुळे बिचाऱ्याची लाळ सारखी गळे, आणि प्रत्येक शॉटच्या आधी एक बाई ती रुमालानं टिपे. आपल्या ध्वनीवाल्यानं हे एकदा बघितलं आणि पुन्हा त्या मजल्यावर पाऊल ठेवलं नाही.

एवढा पाक उकळला, आणि मग वरून हुकूम आला की रक्त दाखवायचं नाही. लोक जेवत असतात त्या वेळेला, लहान मुलं असतात, तेव्हा पडद्यावर रक्ताचा थेंब दिसता कामा नये. दिग्दर्शकानं डोकं धरलं. रक्त पिणाऱ्याचा सिनेमा, आणि रक्तच नाही! शेवटी त्यानं तोडगा काढला. शिंपी मानेवर वाकला की कॅमेरा सरकून कपडे बदलायच्या खोलीच्या पडद्यावर जाईल आणि तिथेच थांबेल. पुढचं सगळं नुसतं ऐकू येईल. म्हणजे सिनेमाची सगळी भीती आली ती आपल्या माणसाच्या गळ्यात.

त्यानं स्पंज भिजवून पिळला. पिकलेलं फळ चोखलं. मोरीचं तोंड मोकळं करायचं रबर पाण्यात दाबून ओढलं. चिखलात रुतलेला बूट उपसला. प्रत्येक वेळी दिग्दर्शक डोळे मिटून ऐके आणि मान हलवे. हे फळ आहे, हा चिखल आहे, म्हणे, यात माणूस कुठे आहे? मग ध्वनीवाल्यानं नाक दाबून स्वतः गार सूप ओढून पाहिलं. दिग्दर्शक म्हणाला, "हा जेवायचं नाटक करणारा माणूस आहे. मला असा आवाज दे, की तो थांबला तर मरेल."

हे वाक्य ऐकलं आणि त्याला तत्काळ कळलं की तो आवाज कुठे आहे. कळल्याबरोबर स्वतःची घाणही वाटली, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण कामाची नशा वाईट असते. वाटणारी घाण त्यानं गिळली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी छोटं रेकॉर्डिंग यंत्र खांद्याला लावून घरी आला. बायको पोस्टात, पोरगी शाळेत. आज बाबांना मी भरवतो, असं त्यानं सकाळीच सांगून ठेवलं होतं. बायको चकित झाली होती, मनातून थोडी सुखावलीही होती.

यंत्र दुरुस्त होऊन आलंय, चालतं का बघतो, एवढंच त्यानं बाबांना सांगितलं. माइक पावाच्या डब्याला टेकवून ठेवला, हेडफोन कानावर चढवले, आणि नजर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या सुईवर लावली. बाबांनी हनुवटी छातीला टेकवली आणि सुरुवात केली. हेडफोनमध्ये तो आवाज डोक्याच्या आत फुटल्यासारखा आला. याला हेडफोन काढून फेकावेसे वाटले. पण त्या आवाजात भूक होती, धाप होती, आणि जगायची ती इवलीशी, चिवट धडपड होती. पंचवीस मिनिटं टेप फिरत राहिली. संध्याकाळी त्यानं तिच्यातले चांगले चार घोट ब्लेडनं कापले आणि चिकटपट्टीनं एकापुढे एक जोडले. उरलेलं रीळ आणि यंत्र घरच्या कपाटात टाकलं.

दिग्दर्शकानं ऐकलं, डोळे उघडले, आणि याला मिठीच मारली. त्याला सगळ्यात काय आवडलं असेल, तर शेवटचा तो 'हं'. काय तृप्ती आहे, म्हणाला, रक्त पिऊन पोट भरल्याची काय नीच तृप्ती आहे! घशात काही अडकलं तर नाही ना, हे तपासायला डॉक्टरांनी शिकवलेला हुंकार आहे तो, हे ध्वनीवाल्याच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. कोणाचा आवाज, असं दिग्दर्शकानं विचारलं. "आहे एक म्हातारा," हा म्हणाला.

सिनेमा अख्ख्या गावानं डोक्यावर घेतला. पण ते नंतर. त्या रविवारी संध्याकाळी याच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसले होते. बाबा आरामखुर्चीत, गळ्याभोवती स्वच्छ रुमाल. टकळी त्यांच्या पायाशी. शेजारचं जोडपं मुद्दाम आलेलं, कारण यांच्या घरच्या माणसाचं नाव पडद्यावर येणार. पहिलं गिऱ्हाईक आलं, शिंप्यानं कॉलरचं माप घेतलं, कॅमेरा त्या खोलीच्या पडद्यावर गेला. आणि घरभर ते सुरू झालं. भुर्रर्र, गटक, हं.

शेजारीणबाई ई करून तोंडावर पदर धरून बसल्या. त्यांचे यजमान पोट धरून हसले. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली बायको जागच्या जागी थिजली. दीड वर्ष दिवसातून दोनदा ती हा आवाज ऐकत होती, तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं नवऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि आत निघून गेली.

बाबांना मात्र ओळखू आलं नाही. साऱ्या गावाचे आवाज ओळखणारा माणूस, पण स्वतःचा आवाज बाहेरून कोणी कधी ऐकलेला असतो? त्यांनी नाक मुरडलं, अगदी पूर्वीच्या टापटिपीच्या दिवसांसारखं. "शी," ते आपल्या ओघळत्या बोलीत म्हणाले, "काय हे ओरपणं. याला पंगतीला घेतं तरी कोण?"

शेजारी पुन्हा हसले. आणि टकळीनं मान वर करून, कसलंही वाईट मनात नसताना, सांगून टाकलं, "आजोबा, शिंपी अगदी तुमच्यासारखाच जेवतो."

हसणं बंद पडलं. शेजारीणबाईंना एकदम गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. पडद्यावर दुसरं गिऱ्हाईक आलं, तेव्हा बाबांनी डोकं एका बाजूला कलतं केलं, एक्स्चेंजमध्ये करायचे तसं, आणि शेवटपर्यंत लक्षपूर्वक ऐकलं. सिनेमा संपल्यावर सुनेनं सूप आणलं, तर म्हणाले, आज भूक नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाबा आवाज न करता जेवू लागले. हनुवटी टेकवायची नाही, ओढायचं नाही, चमचा जिभेवर ओतायचा आणि डोळे मिटून हळूच गिळायचं. 'हं' तर अजिबात नाही. सुनेनं सांगितलं, विनवलं, रागावली. ते म्हणत, मला जमतंय. जमत कसलं! तिसऱ्या चमच्याला ठसका लागे, चेहरा निळाजांभळा होई, डोळ्यांतून पाणी. मग वाटी बाजूला. पुढे तर दार लावून एकटेच जेवायला लागले. वाटीतलं अर्धं रुमालात जायचं. पंधरा दिवसांत गळ्याची हाडं वर आली, आणि मग ताप भरला.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि दोघा नवराबायकोला बाहेर बोलावलं. सूप फुप्फुसात जातंय, म्हणाल्या. या वेळी औषधानं आवरेल, पुढच्या वेळचं मी सांगत नाही. त्यांना शिकवलं होतं तसंच खाल्लं पाहिजे, आवाज करूनच खाल्लं पाहिजे, नाहीतर हा माणूस जेवणानंच मरेल. एवढं शिकवलेलं अचानक का सोडलं यांनी, त्यांनी विचारलं.

इकडे केंद्रावर भुरकेबुवा हे नाव पडलं होतं. कौतुकाची पत्रं पोत्यानं येत होती. एका शाळेत म्हणे मुलं पाण्याच्या बाटल्यांनी शिंपी-शिंपी खेळत होती. केंद्रानं याला प्रशस्तिपत्रक दिलं, आणि ते चार घोट नंबर घालून आवाजांच्या संग्रहात ठेवले. पुढे कोणालाही लागतील तसे वापरायला मोकळे! एका विनोदी मालिकेत डुक्कर पाणी पितं, तिथे ते लगेच वापरलेसुद्धा. तो भाग याच्याच टेबलावर आला. घशाखाली जाणारा बापाचा घोट, आणि वर डुकराचं तोंड. तो संडासात जाऊन ओकला.

त्या दिवशी घरी आला तर बायको स्वयंपाकघरात वाटी घेऊन बसलेली. वाटी भरलेली, सुपावर साय धरलेली. दीड वर्ष जे गिळलं होतं ते तिनं त्या दिवशी बोलून टाकलं.

"त्यांना वाटतंय, आपण त्या राक्षसासारखे झालो," ती म्हणाली. "राक्षसाला त्यांच्यासारखं केलंय तुम्ही. हे त्यांना कोण सांगणार? पोरीच्या बोलण्यावर जाऊन मरायला निघालेत ते."

तो म्हणाला की सांगितलं तर उलट होईल. मुलानं आपल्या जेवणाची किळस विकली, हे कळल्यावर माणूस आहे ते अन्नही सोडेल. ती म्हणाली, असेलही तसं. पण आज ते ज्या चुकीपायी उपाशी राहतायत ती त्यांची नाही, आणि उद्या सकाळपर्यंत तुम्ही सांगितलं नाहीत तर मी सांगणार. आणि वाटी त्याच्या हातात दिली.

हातात वाटी घेऊन तो बाबांच्या खोलीत गेला. खिडकीतून उतरतं ऊन पलंगावर आलं होतं. तापानं उतरलेला चेहरा, वाढलेली पांढरी दाढी, हनुवटीखाली रुमाल. त्याच्याकडे बघताना याला पुन्हा तेच झालं. ओठाच्या कोपऱ्यात सुकलेली लाळ दिसली आणि नजर आपोआप भिंतीकडे वळली. आपण हे कबूल करायला आलोय आणि आत्ताही आपल्याला किळस येतेय, याचा त्याला इतका संताप आला की वाटी ठेवताना सूप सांडलं.

"बाबा, सिनेमातला तो आवाज तुमचाच आहे," तो म्हणाला. "मी चोरून घेतला. त्या दुपारी, यंत्र तपासतो म्हणून सांगून."

बाबांनी मान उचलली. मग विचारलं, तुझ्याकडे तो आहे का, पूर्ण? ते चार घोट सोडले तर आहे, तो म्हणाला. मला ऐकव, ते म्हणाले.

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? त्यानं कपाटातून यंत्र काढलं, ते उरलेलं रीळ शोधलं, कापलेली टोकं जोडली आणि पलंगाशेजारी स्टुलावर लावलं. बायको दारात येऊन उभी राहिली, टकळीला तिनं घट्ट धरून ठेवलं होतं. टेप फिरू लागली. भुर्रर्र, गटक, हं. बाबांनी डोकं कलतं केलं. चेहऱ्यावर किळस आली, आली तशी गेली, मग नुसतं लक्ष उरलं, कामाचं लक्ष, लाइनवर कोण आहे ते शोधणाऱ्या माणसाचं. "हा मीच," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "कान तयार आहे तुझा."

याला ती शाबासकी तोंडात मारल्यासारखी लागली. त्याला वाटलं, आता बंद करावं. एवढ्यात टेपवर चमचा वाटीत ठेवल्याचा आवाज आला, आणि मग बाबांचंच बोलणं, ओघळलेलं, पण स्पष्ट.

"तू जेवलास का रे?"

आणि त्यावर लगेच ह्याचा स्वतःचा आवाज. कोरडा, घाईचा, केंद्रावर नवख्या नटांशी बोलायचा तसला. "मध्ये बोलू नका, बाबा. नुसतं खा."

मग चमचा उचलल्याचा आवाज. आणि पुन्हा भुर्रर्र, गटक, हं. आधीपेक्षा मोठा, मुलाच्या यंत्राला नीट ऐकू जावा म्हणून असेल, की सांगितलेलं ऐकायची सवय म्हणून, कोण जाणे.

तो बंद करायला धडपडला. हे बोलणं त्याला आठवतच नव्हतं. त्या दुपारी ते त्याच्या लेखी बोलणंच नव्हतं, चांगल्या घोटांच्या मधला कचरा होता. बाबांनी उजव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि राहू दे म्हणाले. मग सगळे उभ्या-बसल्या जागी ऐकत राहिले, वाटी संपेपर्यंत, शेवटच्या 'हं'पर्यंत. रिळाचं टोक सुटलं आणि फटफट वाजत फिरू लागलं, तेव्हा बायकोनं पुढे होऊन यंत्र बंद केलं.

"मग?" बाबांनी विचारलं. "जेवला होतास का त्या दिवशी?"

त्यानं आठवून पाहिलं. मायक्रोफोन कुठल्या कोनात होता ते आठवत होतं, सुई कुठवर गेली ते आठवत होतं. "आठवत नाही, बाबा."

"आज?"

"नाही."

"बस मग."

बायकोनं सूप गरम करून आणलं, आणि त्याचं ताट त्याच खोलीत, पलंगाला लागून लावलं. तो दीड वर्षानं बापाच्या शेजारी जेवायला बसला. बाबांनी हनुवटी छातीला टेकवली, चमचा ओठाशी नेला आणि पूर्ण जोर लावून ओढला. सूप कोपऱ्यातून ओघळलं. याच्या पोटात ढवळलं, अगदी नेहमीसारखं. हात पुढे करून त्यानं रुमालानं त्यांची हनुवटी पुसली, आणि मग आपला घास उचलून तोंडात घातला.